भक्ती बर्वे, फुलराणी आणि आपली बोली

 आम्ही बोर्ली पंचतन परिसरातल्या महिला बचत गटांतल्या बायका. मागच्या वेळी आम्ही हप्त्यांच्या नोंदी आणि पासबुकाबद्दल बोललो होतो. आज पासबुक बाजूला ठेवू या. आज एका नटीची गोष्ट सांगणार आहोत. “गटाच्या कार्यक्रमात नटीचं काय काम?” असं घरात कोणी विचारलं तर त्यांना म्हणावं, जरा दहा मिनिटं थांबा, मग बोला.

या विषयाकडे आम्ही आलो ते एका भांडणावरून. खरं तर ते भांडण झालंच नाही, आणि दुखणं तेच आहे. आमच्या एका गटातल्या काकी सुक्या मच्छीचा धंदा करतात. सुकट, बोंबील, वाकट्या. गेल्या वर्षी आगोटीच्या आधी माल भरायचा म्हणून गटाच्या कर्जासाठी त्या बँकेत गेल्या. कोणती बँक ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. खिडकीवरच्या मुलाला त्यांनी आपल्या बोलीत विचारलं, की आमचं काम कुठवर आलंय. तो हसला आणि म्हणाला, “आजी, जरा नीट मराठीत बोला.” शेजारची दोन माणसंही हसली. काकी काही न बोलता घरी आल्या. त्या गटाच्या अध्यक्ष, सही त्यांची लागायची. पुढे दोन वेळा बोलावूनही त्या बँकेत आल्या नाहीत. कधी गुडघा दुखतो म्हणाल्या, कधी पाहुणे आलेत म्हणाल्या. कर्ज दोन महिने रखडलं, तोवर मालाचा भाव चढला. का आल्या नाहीत हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्याच काकींना रेडिओवर बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, “तुम्हीच बोला ताई, तुम्ही बी.ए. झाल्यात. मला नीट बोलाया येत नाय.” तेव्हा आमच्या मनात भक्ती बर्वे आली.

तुमच्यापैकी ज्या चाळिशीच्या पुढच्या आहेत, मुंबईत डोंबिवली-परळला नातेवाइकांकडे राहिलेल्या आहेत, त्यांना हा चेहरा आठवत असेल. भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ चा. नाटकात त्या आल्या त्या लहानपणीच. सुधा करमरकर यांनी मुंबईत ‘लिटल थिएटर’ नावाने मुलांसाठी नाटकं करायला सुरुवात केली होती. मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधली धावपळ नव्हे, तर खरा रंगमंच, खरे कपडे, खऱ्या तालमी, असा सुधाताईंचा आग्रह. त्या शाळेतून भक्तीताई तयार झाल्या. ज्या काळात त्यांनी सुरुवात केली, त्याच्या फार तर दोन पिढ्या आधी मराठी रंगमंचावर बायकांची कामं पुरुषच करत होते. बालगंधर्वांचं नाव सगळ्यांना माहीत आहेच. म्हणजे बाईने बाईचं काम करणं हेसुद्धा आपल्याकडे फार जुनं नाही.

पुढे आला टीव्ही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आपल्या किनाऱ्यावर तेव्हा टीव्ही नव्हता, वीजही सगळ्या वाड्यांवर नव्हती. पण मुंबईत एका चाळीत एक टीव्ही आणि समोर पन्नास माणसं, असे ते दिवस. त्या टीव्हीवर मराठी बातम्या सांगणाऱ्यांत भक्ती बर्वे होत्या, स्मिता पाटील होत्या. बातम्या सांगणं म्हणजे काय असतं हे आम्हाला या रेडिओवर बसल्यावर थोडंफार कळलं. ‘ण’ला ‘ण’ म्हणायचं, ‘ळ’ला ‘ळ’. श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवायचं. आनंदाची बातमी असो की अपघाताची, आवाज हलता कामा नये. भक्तीताईंचं मराठी असं होतं की घराघरात आईबाप मुलांना म्हणायचे, असं बोलायला शिका.

आता गंमत बघा. इतकं स्वच्छ बोलणारी बाई नावारूपाला आली ती अशुद्ध बोलून.

१९७५ साली पु. ल. देशपांडे यांचं ‘ती फुलराणी’ हे नाटक रंगमंचावर आलं. मूळ नाटक इंग्रजी, बर्नार्ड शॉ नावाच्या लेखकाचं, ‘पिग्मॅलियन’. ते १९१३ सालचं. लंडनच्या रस्त्यावर फुलं विकणारी एक गरीब मुलगी आणि भाषेचा एक मोठा पंडित. पंडित मित्राशी पैज लावतो की या मुलीला मी काही महिन्यांत अशी बोलायला शिकवीन की लोक तिला बड्या घरची समजतील. पुलंनी ही गोष्ट लंडनहून उचलली आणि मुंबईत आणून ठेवली. नुसता अनुवाद केला नाही. मराठीत जातीची, गावाची, पेठेची, शाळेची जेवढी म्हणून बोलणी आहेत, ती सगळी या नाटकात खेळवली. फुलवाली झाली मंजुळा आणि पंडित झाले प्रोफेसर अशोक जहागीरदार. प्रोफेसर होते सतीश दुभाषी, मंजुळा होत्या भक्ती बर्वे.

नाटक विनोदी आहे, पोट धरून हसवतं. पण आपण बायकांनी ते बघताना दोन जागी हसू थांबतं.

पहिली जागा मंजुळेच्या स्वगताची. स्वगत म्हणजे रंगमंचावर पात्र एकटंच असतं आणि आपल्या मनातलं मोठ्याने बोलतं. प्रोफेसर तिला दिवसरात्र घोकायला लावतात, चुकली की टाकून बोलतात. माणूस म्हणून तिला काही वाटत असेल हे त्यांच्या गावीही नसतं. एकटी असताना ती मनातल्या मनात मास्तरला शिक्षा द्यायला लागते. मी मोठी झाले की तुझं काय करीन ते बघ, असा तो सगळा भाव. राग येतो, मग स्वप्न पडतं, मग हसू, मग परत राग, आणि मधेच रडू. हे सगळं काही मिनिटांत, एकटीने, समोर कोणी नसताना उभं करायचं. भक्तीताई हे करायच्या तेव्हा नाट्यगृह आधी हसायचं आणि मग टाळ्यांनी दणाणायचं. त्यानंतर कित्येक वर्षं शाळा-कॉलेजातल्या स्पर्धांत मुलींनी हेच स्वगत म्हटलं, अजूनही म्हणतात. आपल्या भागातल्या हायस्कुलांतही ते ऐकलेल्या पुष्कळ जणी असतील. मूळ नटीचं नाव विसरलं तरी स्वगत लक्षात राहिलं, इतकं ते लोकांचं झालं.

दुसरी जागा शेवटाकडची. पैज जिंकली जाते. मंजुळा अशी बोलते की कोणाला शंकासुद्धा येत नाही. आणि सगळं कौतुक होतं प्रोफेसरांचं. मेहनत तिची, घसा तिचा, जागरणं तिची, पण जिंकले ते. मग प्रश्न येतो, की आता हिने जायचं कुठे? जुन्या जागी ही आता परकी, नव्या जागी ही कोणाची कोणीच नाही. गोष्टीतला हा काटा शॉच्याच नाटकातला आहे. पण आम्हाला विचाराल तर तो मराठीत जास्त टोचतो.

आम्हाला हे सांगावंसं वाटतं कारण आमच्याकडेही असे प्रोफेसर येऊन गेलेत. प्रशिक्षण देतात, फोटो काढतात, अहवाल लिहितात. गटाने पापडाचा स्टॉल लावला की बॅनरवर नाव दुसऱ्याचंच. असो. त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

नटी म्हणून या कामात अवघड काय होतं तेही समजून घेऊ. भक्तीताईंना आधी ती गावंढळ बोली अस्सल वाटेल अशी बोलायची होती. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईने मुद्दाम अडाणी बोलायचं म्हणजे नक्कल व्हायची भीती मोठी. बघणाऱ्याला वाटायला नको की ही शिकलेली बाई गरिबाची टिंगल करते आहे. मग हळूहळू तीच मुलगी सुधारताना दाखवायची. एक शब्द बरोबर, दोन चूक, राग आला की सगळं शिकलेलं विसरून मूळ बोली उसळून वर येणार. आपल्या घरातही बघा ना, मुंबईला राहिलेली वहिनी एरवी छान शहरी बोलते, पण शिमग्याला गावी आली आणि जावेशी बाचाबाची झाली की पाचव्या वाक्याला गावची बोली. शेवटी मंजुळा शुद्ध बोलते, तेव्हाही ती आतून तीच आहे हे कळलं पाहिजे. हे सगळं तीन तासांत आणि शेकडो प्रयोगांत. मंजुळा पुढे सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनीही केली. पण मोजपट्टी भक्ती बर्वे यांचीच राहिली.

हिंदी सिनेमा बघणाऱ्यांना त्या आणखी एका कामामुळे आठवतील. १९८३ सालचा कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’. त्यात त्या शोभा सेन नावाच्या वर्तमानपत्राच्या संपादक आहेत. वरवर सत्याची बाजू घेणारी, आतून सौदा करणारी बाई. गोड बोलून गळा कापणं कसं असतं ते त्यात बघावं. पण सिनेमात त्या फार रमल्या नाहीत. नाटक हेच त्यांचं घर. १९९० साली त्यांना अभिनयासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. हा देशपातळीवरचा मान आहे.

त्यांचे पती शफी इनामदार, तेही मोठे नट. ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका ज्यांनी पाहिली त्यांना ते लगेच आठवतील. शफीभाई मूळचे दापोलीकडचे, म्हणजे आपल्या बाणकोट खाडीच्या पलीकडचे. १९९६ च्या मार्चमध्ये ते गेले. त्यानंतरही भक्तीताई काम करत राहिल्या.

आता त्यांच्या ज्या नाटकावर आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त चर्चा झाली त्याकडे येऊ. ‘आई रिटायर होतेय’. लेखक अशोक पाटोळे. नावातच सगळं आलं. नोकरी करणारा माणूस ठरावीक वयाला निवृत्त होतो, त्याला हार घालतात, पेन्शन मिळते. एक आई घरच्यांना सांगते की मीही आता निवृत्त होते. स्वयंपाक, धुणी, सगळ्यांची उठाबस, यातून मी मोकळी. मग घरात जो गोंधळ होतो ते नाटक. आईचं काम भक्ती बर्वे करायच्या. नाटक बघायला आलेल्या बायका डोळे पुसत बाहेर पडायच्या, असं त्या काळातले लोक सांगतात, आणि ते खरं असणार. कारण आम्ही नुसती गोष्ट सांगितली तरी बैठकीत दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, “आमचं रिटायर व्हनं म्हंजे सरणावरच.” सगळ्या हसल्या, पण ते हसू कसलं होतं ते आम्हाला माहीत आहे.

नाटकातली गोष्ट नाटकात राहते असं म्हणाल, तर आकडे ऐका. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर एक पाहणी केली. लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. सहा वर्षांवरच्या बायकांपैकी शंभरातल्या ८१ जणी रोज घरातलं बिनपगारी काम करतात, पुरुषांपैकी शंभरातले २६. आणि जे करतात त्यांच्यातही बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. यात मुलांना सांभाळणं, आजाऱ्याची सेवा धरलेली नाही, ती वेगळी मोजली आहे. वाडीत जाऊन सुपारी वेचणं आणि सोलणं, मच्छी सुकवणं, विकणं हेही वेगळं. आम्ही बैठकीत प्रत्येकीला आपापले तास बोटांवर मोजायला सांगितले. बोटं पुरली नाहीत. एकीने नवऱ्याचेही मोजले, तिला मात्र एक बोट पुरलं. तो चहा करतो म्हणाली, रविवारी.

त्यांच्या आणखी कामांची नुसती नावं घेतो. गिरीश कार्नाडांचं ‘नागमंडल’. त्यात नवऱ्याने घरात कोंडून ठेवलेल्या बायकोची गोष्ट आहे. ‘गांधी विरुद्ध गांधी’ नाटकात त्या कस्तुरबा झाल्या, एका बाजूला महात्मा नवरा, दुसऱ्या बाजूला दुखावलेला थोरला मुलगा हरिलाल, मध्ये आई. यांतल्या प्रत्येकीवर वेगळी चर्चा होऊ शकेल.

पण बोलीच्या विषयाला धरून एक काम सांगितल्याशिवाय राहवत नाही. दूरदर्शनसाठी झालेल्या ‘बहिणाबाई’ या चित्रपटात त्या बहिणाबाई चौधरी झाल्या. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म १८८०. शाळेत कधी गेल्या नाहीत, लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात राबताना ओव्या-गाणी रचायच्या, तीही त्यांच्या घरच्या लेवा बोलीत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्यांनी काही लिहून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या वारल्या, आणि त्यानंतर पुढच्याच वर्षी पुस्तक निघालं. आचार्य अत्र्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. आज शाळेत आपली मुलं त्या कविता पाठ करतात. मैत्रिणींनो, बँकेच्या त्या खिडकीवर बहिणाबाई उभ्या राहिल्या असत्या तर त्या मुलाने त्यांनाही “नीट मराठीत बोला” म्हटलं असतं. आणि घरी जाऊन मुलाकडून त्यांचीच कविता पाठ करून घेतली असती.

म्हणजे बघा, एकाच बाईने दूरदर्शनवर प्रमाण मराठी बोलून दाखवलं, रंगमंचावर फुलवालीची बोली, आणि पडद्यावर खानदेशी शेतकरणीची. तिन्ही मराठीच. आम्हाला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, आणि ती आम्ही आमच्या गटांतल्या पोरींनाही सांगतो. प्रमाण भाषा शिकायला हरकत नाही, शिकावीच. अर्ज लिहायला, तक्रार करायला, परीक्षेला ती लागते. ती एक जादा लुगडं आहे, ठेवणीतलं. ठेवणीतलं आलं म्हणून रोजचं कोणी चुलीत घालत नाही. आमच्यातल्या एका ताईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, मुलांना पहिल्यापासून शुद्धच शिकवा, नाहीतर नोकरी लागत नाही. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, त्यांच्या मुलाला मुंबईत मुलाखतीत जे ऐकावं लागलं ते त्या विसरलेल्या नाहीत. वाद अजून मिटलेला नाही, मिटवायची घाईही नाही.

भक्तीताईंचा शेवट सांगायचा राहिला. १२ जून २००० ला पु. ल. देशपांडे गेले. भक्तीताई ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ असा एकटीचा कार्यक्रम करायच्या. पुलंच्या आठवणी, फुलराणीचे प्रवेश, स्वतःचा प्रवास. १२ फेब्रुवारी २००१ ला वाईहून मुंबईला परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यात त्या गेल्या. वय अवघं ५२. भाताण म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातलं, पनवेलजवळचं. नाटकवाल्यांचं आयुष्य असंच असतं, प्रयोग संपला की रात्री-अपरात्री पुढच्या गावाचा रस्ता. आपल्या गावात उत्सवाला नाटक आणतो तेव्हा प्रयोगानंतर त्या लोकांना जेवण आणि झोपायला जागा नीट मिळाली का, हे बघणारं कोणीतरी असावं, असं आम्हाला नेहमी वाटतं. गणपतीत नाहीतर शिमग्यात नाटकवाले येतील तेव्हा हे काम एखाद्या गटाने अंगावर घ्यायला हरकत नाही.

त्या फुलराणीच्या स्वगताचं जुनं चित्रण मोबाइलवर मिळतं. आम्ही ते गटाच्या बैठकीत लावलं. आवाज लहान, चित्र जुनाट, पंधरा बायका एका मोबाइलभोवती. काकी मागे बसल्या होत्या, भिंतीला टेकून. संपल्यावर त्यांनी विचारलं, “ही बाई खरी कोण व्हती? फुलवाली?” आम्ही सांगितलं, नाही, ही टीव्हीवर बातम्या सांगायची. काकींचा विश्वास बसेना. मग म्हणाल्या, “परत लाव.” परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. बँकेतली गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितली ती त्या दिवशी, घरी जाताना, रस्त्यात.

त्यानंतर त्या बँकेत गेल्या. आम्ही सोबत होतो, पण बोलायचं नाही असं आधीच ठरलं होतं. खिडकीवर तोच मुलगा होता. काकींनी त्यांच्याच बोलीत विचारलं. त्याला एक शब्द कळला नाही, त्याने पुन्हा विचारला. काकींनी पुन्हा सांगितला, मोठ्याने. यावेळी हसलं कोणी नाही. सही झाली, काम झालं. त्याला काकी आठवत होत्या की नव्हत्या, कोण जाणे.

आणि रेडिओचं म्हणाल, तर काकींचं रेकॉर्डिंग झालं आहे. पहिल्या दोन वेळा त्या माइककडे बघून गप्प बसल्या. तिसऱ्या वेळी आम्ही माइक त्यांच्यापुढून हलवून बाजूला ठेवला आणि सुकटीचा भाव विचारला. मग पंधरा मिनिटं थांबल्या नाहीत. माल ओला लागला तर कसा ओळखायचा, पावसाळ्यात कीड लागू नये म्हणून काय करायचं, गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की कुठवर उतरायचं, सगळं सांगितलं आहे. आम्ही त्यातला एक शब्दही बदललेला नाही. पुढच्या कार्यक्रमात ते ऐका. काही शब्द दिवेआगरला कळतील आणि म्हसळ्याकडच्या मैत्रिणींना विचारावे लागतील. फोन करून विचारा, काकी स्वतः सांगणार आहेत.